वाऱ्याची ओवी

कपिलतीर्थ मंडईत मेथीची जुडी उलटी धरून तिच्या देठांची चौकशी करीत असताना रेखाच्या पर्समधून तिची आई गाऊ लागली. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, तेव्हा ती अर्थातच आई नव्हे. गाणं आईचं, गळे भलत्याच पोरांचे, आणि मराठी अशी की प्रत्येक शब्द चण्यासारखा दाताखाली फोडून बाहेर टाकलेला. चष्मा शोधताना बोट लागलं असणार. धाकट्या भावानं, बेनूनं, सकाळी इस्रायलहून पाठवलेला आवाजी निरोप घरी जाऊन निवांत ऐकायचा म्हणून तिनं राखून ठेवला होता, आणि तो आता कोथिंबिरीच्या ढिगावरून, दोडक्यांच्या पाट्यांवरून सगळ्या मंडईला ऐकू जात होता. वाऱ्या रे वाऱ्या. भाजीवाली चिमणाबाई पाण्याचा हात तसाच अधांतरी ठेवून ऐकू लागली.

“कुठल्या देवाचं वो ह्ये, वैनी? चाल ग्वाड हाय की.”

“कसलं देवाचं! जाहिरात लागलीय मोबाईलवर. आपोआप सुरू होतं मेलं,” रेखा म्हणाली आणि अंगठ्यानं गाणं मारून टाकलं.

एका जुडीमागं तीन खोटी. देवाचं नाही, हे एक. जाहिरात, हे दोन. आपोआप, हे तीन. आणि चौथं, ‘मेलं’ म्हणाली ते, पण ते कुणाच्या नावावर घालावं हे रिक्षात बसेपर्यंत तिला ठरवता आलं नाही. तसं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. चिमणाबाईनं खांदे उडवून जुडीवर पाणी मारलं होतं, शेजारच्या बाईनं गवारीचा भाव पाडायला घेतला होता. पण रेखाचा अंगठा मात्र गरम झाला होता. एकसष्ट वर्षांच्या बाईचा अंगठा, साध्या काचेला टेकवलेला, आणि चटका बसल्यासारखा हुळहुळतोय. तिनं तो पदरात गुंडाळला. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि “भाजलं काय वो मावशी?” असं विचारलं, त्यावर ती “हो” म्हणाली. ते खोटं की खरं, हे तिनं मोजलं नाही.

रेखा विजयसिंह निंबाळकर हे नाव तसं पक्कं होतं. भिशीच्या वहीत, सोसायटीच्या पाटीवर, देवीच्या वर्गणीच्या पावतीवर ते गेली छत्तीस वर्षं चाललं होतं. त्याआधीचं नाव रिबका. रिबका पेणकर, बेने इस्राएल म्हणजे कोकणातले ज्यू, बाप मोजणी खात्यात, पेणहून कोल्हापुरात बदलून आलेला. लग्नात सासूनं परातीतल्या तांदळावर अंगठीनं ‘रेखा’ लिहिलं तेव्हा ‘रि’चा ‘रे’च तर झाला, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली होती. नवऱ्याला सगळं माहीत, सासूला निम्मं माहीत, बाकी गावाला काहीच नाही. आणि गावानंही कधी खोदून विचारलं नाही, कारण गावानं आपापल्या सोयीनं तिला कुठं ना कुठं बसवून टाकलं होतं. पेणकर म्हणजे कोकणातले. कुणी प्रभू म्हणायचं, कुणी भंडारी म्हणायचं, आणि शाळेत ज्यांनी दाराच्या चौकटीवरची पितळी नळी पाहिली होती त्यांना रिबकानंच सांगितलं होतं की ती किल्ली ठेवायची जागा आहे. खरं तर आत देवाचं वचन गुंडाळून ठेवलेलं असतं, येता-जाता बोट लावून चुंबायचं असतं. मैत्रिणी बरोबर असल्या की तिचं बोट नळीपर्यंत जायचं आणि केस सारखे करून परत यायचं. अशी कसरत ज्याला लहानपणी जमली त्याला पुढं आयुष्यात फारसं अवघड काही जात नाही.

घरी आल्यावर तिनं दार लावून निरोप ऐकला. गाणं संपल्यावर बेनूचा आवाज होता. अठराव्या वर्षी इस्रायलला गेलेला माणूस. त्याची कोल्हापुरी तिकडं बाटलीत घालून बूच लावल्यासारखी तशीच्या तशी राहिली होती. “अक्का, ऐकलीस न्हवं पोरं? दर हनुकाला म्हणत्यात. आता ही माझी नात तालिया, बारा वर्साची, नुसती भांडकुदळ. म्हणती, आजोबा, गाताय खरं, पण अर्थ काय? आज सहावी मेणबत्ती, घरात वीस माणूस हाय, सगळ्यांम्होरं उभं राहून तिला सांगायचाय अर्थ. मला म्हाईत हाय म्हणा माझ्यापुरता. पण तू थोरली. तुझ्या तोंडचं पायजे. बत्त्या लावायच्या आत पाठीव. एकदा शब्बाथ लागला की फोन बंद.” तिकडचं घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास मागं. तिथं बत्त्या लावायला इथले पावणेआठ वाजणार. आता दुपारचे चार. अर्थ सांगायला एवढा वेळ खूप झाला. न सांगायला तर अठ्ठेचाळीस वर्षं पुरली होती.

तिनं मेथी निवडायला घेतली. पानं एकीकडं, काड्या एकीकडं. आई सांगायची, यांच्या उजेडात पालासुद्धा निवडायचा नाही. हनुकाच्या, आठ दिवसांच्या त्या सणाच्या, ओळीतल्या बारीक मेणबत्त्या, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशा वाढत आठापर्यंत जाणाऱ्या. त्या नुसत्या बघायच्या. त्यांच्या उजेडात सुई ओवायची नाही, पत्र वाचायचं नाही, त्यांना राबवायचं नाही. राबायला बाजूला एक निराळी मेणबत्ती, शमाश, म्हणजे चाकर. तीच बाकीच्यांना पेटवते, तिच्या उजेडात काय ते काम करा. रिबका विचारायची, मग ह्या बाकीच्यांचा उपयोग काय? आई म्हणायची, उपयोग नाही हाच त्यांचा मान. शुक्रवारी, विसाव्याचा शब्बाथ लागण्याआधी लावायच्या दोन मेणबत्त्यांचं मात्र उलटं. त्या घराच्या. त्यांच्या उजेडात जेवायचं, एकमेकांची तोंडं बघायची, अंधारात कुणाला ठेच लागून भांडणं होऊ नयेत म्हणूनच त्या लावायच्या. पेणला आई पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यावर वात अशी लावायची. इथं आल्यावर खोबरेल म्हटलं की दुकानदार केसाच्या तेलाची वासाची बाटली पुढं करायचा, म्हणून मेणबत्त्या आल्या. तेलाचा दिवा असता तर काही प्रश्नच नव्हता. दिवा कुणाच्या घरात नसतो? पण कोल्हापुरात त्या काळी मेणबत्ती म्हणजे एक तर लाईट गेली, नाही तर हे लोक चर्चचे. आणि हनुकाच्या मेणबत्त्या ठेवायच्या कुठं, तर खिडकीत. रस्त्याकडच्या. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं, आपल्यावर काय कृपा झाली होती ते चारचौघांना कळावं, हाच त्या सणाचा सगळा सांगावा. तेरा वर्षांच्या पोरीला बरोबर तेच नको होतं. कृपा झाली असेल तर झाली. ती राजारामपुरीच्या सहाव्या गल्लीला दाखवायची काय गरज होती?

“आई, गॅस लावू का हो?” मोनानं आत डोकावून विचारलं. ही सून, गारगोटीची, मोकळ्या आवाजाची. “अन् ते मगाशी काय लागलंतं? वाऱ्या रे वाऱ्या? भारी हाय की. कुणाचं?”

“असंच. जुनं.”

“जुनं म्हंजे? तुमच्या माहेरचं?”

मेथीची एक काडी पानांत गेली. रेखानं ती काढली, पुन्हा टाकली, पुन्हा काढली. मोनाचा प्रश्न साधा होता, हातात लायटर घेऊन विचारलेला. “तुझं दूध उतू जाईल,” रेखा म्हणाली. दूध अजून गॅसवर ठेवलेलंच नव्हतं. मोना एकदा सासूकडं आणि एकदा रिकाम्या शेगडीकडं बघून निघून गेली. तिला जे कळायचं ते कधीच कळून चुकलं असणार, असं रेखाला त्या पाठमोऱ्या चालण्यावरून एकदम वाटलं. आपण एवढी वर्षं पडदा धरून उभे आहोत आणि प्रेक्षक केव्हाच मागच्या बाजूनं आत येऊन बसले आहेत.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार होता. नऊ डिसेंबर. बाबा मोजणीसाठी शाहूवाडीकडं गेले होते, शनिवारी येणार होते, म्हणून खिडकीतल्याही आईनंच लावल्या. सहा आणि चाकराची एक. मग पाटावर शब्बाथच्या दोन. नऊ ज्योती. बेनू सहा वर्षांचा, आतल्या खोलीत स्वेटरात डोकं अडकवून बसलेला. आईनं दोन्ही हात ज्योतींवरून तीनदा आपल्याकडं ओढून घेतले, जसा चुलीवरचा वास ओढून घ्यावा तसे, आणि डोळे झाकले. आधी लावायचं, मग डोळे झाकून आशीर्वाद म्हणायचा, मग डोळे उघडायचे आणि तेव्हा ज्योत पहिल्यांदा बघायची. ते म्हणून झालं की शब्बाथ लागला. मग काडी ओढायची नाही, विझलं तर पेटवायचं नाही. आईचे ओठ हलत होते, आणि रिबकाला खिडकीतून, त्या सात ज्योतींच्या पलीकडं, संयोगिता दिसली. वर्गातली संयोगिता जाधव, जिच्या शेजारी बाकावर बसायला मिळावं म्हणून रिबकानं हरिहरेश्वर हे आपलं कुलदैवत असल्याचं सांगून टाकलं होतं. ती आणि तिची चुलत बहीण, शुक्रवारचं अंबाबाईचं दर्शन घेऊन, कपाळावर मळवट, हातात प्रसादाचा पुडा, थेट इकडंच. फाटकाची कडी वाजली.

नऊ ज्योती विझवायला किती फुंकरा लागतात? दोन. एक खिडकीला, एक पाटाला. गाल भरून घेतल्याचं तिला आठवतं, त्या हवेची चव आठवते, दुपारच्या बटाट्याच्या भाजीची. धूर तेवढा सरळ वर गेला. आणि आई तिथंच, तीन फुटांवर, डोळे झाकून, आपल्यापुढं सगळं उजळून आहे अशा भरवशानं म्हणत होती. ती म्हणत राहिली तेवढा वेळ जगात फक्त रिबकाला माहीत होतं की समोर काही नाही. ते चार-पाच श्वास. पुढं रेखाला दोन बाळंतपणं झाली, सासू गेली, नवऱ्याच्या छातीत दुखलं. पण तेवढा लांब वेळ पुन्हा आला नाही.

“अय्या, एवढ्या मेणबत्त्या? कुणाचा वाढदिवस काय गं?” संयोगिता उंबऱ्यातून म्हणाली.

“माझा,” रिबका म्हणाली. “आत्ताच विझवल्या.”

आईनं डोळे उघडले. तिनं आधी वाती बघितल्या, मग मुलीचे अजून नीटसे न मिटलेले ओठ बघितले. तिला सगळं कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ रिबका दाराच्या पानामागं सरकून उभी राहिली. मग आई हसली. पाहुण्यांसमोर हसतात तसं. “या गं पोरींनो. केक नाही हो आमच्यात, गोड पोहे आहेत,” असं म्हणाली आणि नारळ घातलेले पोहे वाटीत घालून तिनं दोघींच्या हातात दिले. मुलीच्या खोट्याला तिनं आपल्या हातानं गोडधोड वाढलं. संयोगिता अजूनही दर नऊ डिसेंबरला सकाळी फोन करते, “हॅपी बड्डे गं बाई, शंभर वर्सं जग!” विजयसिंह म्हणतात, आमच्या सौभाग्यवती वर्षातून दोनदा जन्मतात, म्हणूनच आम्हाला भारी पडतात. रेखा हसते. पाहुण्यांसमोर हसतात तसं.

त्या रात्री आईनं विजेच्या दिव्याखाली वाढलं. दुसऱ्या दिवशी रिबका संयोगिताकडं अभ्यासाला गेली आणि दिवेलागणीला परतली, तोवर बाबा येऊन जेवायला बसलेसुद्धा होते. “वाऱ्यानं विझल्या म्हणे,” ते ताटाकडं बघत म्हणाले. आईनं भाकरी वाढली. विषय मिटला. पुढच्या हनुकाला मेणबत्त्या लावून झाल्या आणि आईनं, जिनं तोवर कधी स्वतःचं असं काही रचलं नव्हतं, ती ओवी म्हटली. त्यानंतर दर वर्षी म्हटली. शेवटच्या वर्षी, इस्रायलात, बेनूच्या घरात, पलंगावर पडूनसुद्धा म्हटली म्हणतात.

*वाऱ्या रे वाऱ्या, तू रे लेकराच्या जातीचा,*
*एका फुंकेत नेलास उजेड माझ्या वातीचा.*

*वाऱ्या रे वाऱ्या, नको राहू दाराआड,*
*तुझ्यासाठी उघडं मी ठेवलंय कवाड.*

*वाऱ्या रे वाऱ्या, डोळे माझे झाकलेले,*
*कुणी काय केलं, नाही मी ते पाहिलेले.*

ही माफी होती की दर वर्षीची हजेरी, हे रेखाला कधी कळलं नाही. लग्न होईपर्यंत ती आईच्या शेजारी उभी राहून हे गायली, टाळ्या वाजवून गायली, आणि ‘दाराआड’ शब्द आला की तिच्या पाठीला त्या दाराच्या पानाचा गारवा लागायचा. आई तिच्याकडं कधीच बघायची नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. एखादी थोबाडीत बसली असती तर गालावरची लाली दोन दिवसांत उतरली असती. ही ओवी उतरायलाच तयार नव्हती. आणि आता ती समुद्रापार जाऊन घरची परंपरा झाली होती. वीस माणसं ती उभं राहून म्हणत होती.

सहा वाजता तिनं पहिला निरोप बोलून पाहिला. “तालिया बाळा, वारा म्हणजे संकटं.” पुसला. दुसऱ्यात वारा म्हणजे काळ झाला. तोही पुसला, काळानं काय घोडं मारलं होतं? तिसऱ्यात ती नुसतीच श्वास घेत बसली, पस्तीस सेकंद. सात वाजले. स्वयंपाकघरात मोना भाकरी थापत होती, त्या थापेनं भिंत हलल्यासारखी वाटत होती. सव्वासातला तिनं सरळ फोन लावला.

“पाठीवलंस न्हाय अजून!” बेनू ओरडला. मागं ताटं, पोरं, कुणीतरी कुणाला रागावतंय. “पोरगी डोस्कं खातीया माझं.”

“बेनू,” ती म्हणाली, “तू म्हणालास, तुला माहीत आहे तुझ्यापुरता. काय आहे तुझ्यापुरता?” टाळाटाळीचा हा शेवटचा डाव तिनं खेळून बघितला.

“आता ते काय सांगायचं?” तो हसला आणि बहुतेक दुसऱ्या खोलीत गेला, कारण ताटं लांब गेली. “माझंच हाय की ते गाणं. तुला म्हाईत न्हाय? मी परसदार उघडं टाकलतं, अक्का. मांजर बाहेर ऱ्हायलंतं, त्याला आत घ्यायला. त्यातनं वारं आलं अन् आईच्या बत्त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी बाबा आलं, म्हणलं मागचं दार कुणी उघडं टाकलं? मी म्हणलं मी. असली ठिवून दिली! कानात महिनाभर किडा वरडायचा. तू नव्हतीस घरात.”

रेखानं भिंतीला हात लावला.

“अन् आई?”

“आई हुती की. चुलीकडं तोंड करून. काय बोलली न्हाय. पर पुढच्या वर्सी गाणं केलं नव्हं माझ्यासाठी! लेकराच्या जातीचा. उघडं ठेवलंय कवाड. म्हंजे, बेन्या, तू दार उघडं टाकलंस तर टाकलंस, माझा राग न्हाय. मला इतकं बरं वाटलंतं अक्का, तुला सांगतो. जिंदगीत आईनं माझ्यासाठी येवढी एकच गोष्ट केली, नाहीतर सगळं तुझंच. रिबका हुशार, रिबकाचं बघा. हे तेवढं माझं.”

तेरा वर्षांची असताना दोन फुंकरांनी नऊ ज्योती. आता एका वाक्यानं किती जाणार होतं ते तिला दिसत होतं. गप्प बसावं. “हो रे, तुझंच आहे, तसंच सांग पोरीला,” एवढं म्हटलं की सुटलो. भावाचं गाणं भावाकडं राहील, आणि वर दयाळूपणाही आपल्या पदरात. तिला आपल्या मनाचा हा चलाखपणा ओळखीचा होता. फाटकाची कडी वाजली तेव्हा तो असाच पटकन मदतीला धावून आला होता. मग तिला दिसलं ते सहा वर्षांचं पोर, स्वेटर घातलेलं, मांजर पोटाशी धरलेलं, आणि बाबांचा मोजणीच्या साखळ्या ओढून घट्टे पडलेला हात.

“बेनू, वारा नव्हता,” ती म्हणाली. “मी विझवल्या. फुंकर मारून. संयोगिता आली म्हणून. तिला दिसू नये म्हणून. तुझ्या दाराचा काही संबंध नव्हता.”

मग अशडोदच्या त्या घरात कुठंतरी तालिया हाक मारू लागली, एकदा, दोनदा.

“बेनू?”

“हाय,” तो म्हणाला. “ऐकतोय.” आणि थोड्या वेळानं, “मग मला कशाला मारलं?” त्यात तक्रार नव्हती, एखादं किरकोळ काहीतरी हरवलंय, ते कुठं गेलं असावं अशी नुसती चौकशी होती. त्याचं तोच पुढं म्हणाला, “आता पोरीला काय सांगू?”

“सांग, की माझ्या बहिणीला लाज वाटली आणि तिनं विझवल्या.”

“वीस माणसांत?”

“वीस माणसांत. नावानिशी. रिबका म्हण.”

भाकरीची थाप थांबली होती. दारात मोना उभी होती, पिठाचे हात पुढं धरून, आणि ती तिथून हलली नाही. रेखानंही तिला जा म्हटलं नाही. फोनमधून आता खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते, माणसं उभी राहत होती, कुणीतरी काड्यापेटी मागत होतं. बेनू अजून तोंडाजवळ फोन धरूनच होता.

“अक्का, बोलावत्यात मला. एकच सांग. खरं सांग.” त्यानं आवाज खाली आणला. “आईला म्हाईत हुतं?”

वातींवरून वर सरकलेली आईची नजर तिला दिसली, आणि ती ओठांवर येऊन थांबली तेही. चुलीकडं तोंड केलेल्या आईची पाठ तिनं कधी पाहिली नव्हती, पण आता तीही दिसली. मुलाच्या कानाखाली आवाज होतोय आणि पाठ वळत नाही. दर वर्षी त्या ओवीत आई कुणाला माफ करत होती आणि कुणाकडं माफी मागत होती, हे रेखाला त्या क्षणी कळलं आणि तिनं ते तिथल्या तिथं मिटवून टाकलं.

“नाही,” ती म्हणाली. “तिचे डोळे झाकलेले होते.”

“मग बरं,” चोपन्न वर्षांचा बेनू म्हणाला, आणि त्यानं श्वास सोडला तो इतका मोठा, की रेखाला तो गालावर लागल्यासारखा वाटला.